गेम डिस्कवर आहे, पण लाँचरला दिसत नाही: काय करावे, काय टाळावे

दुरुस्तीला दिलेला कॉम्प्युटर घरी परत येतो. सी ड्राइव्हला फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलेली असते, डी ड्राइव्हला कोणी हात लावलेला नसतो. डीवरचे गेमचे फोल्डर जसेच्या तसे असते. तरीही स्टीम किंवा एपिकसारखा लाँचर, म्हणजे गेम टाकून चालवणारे अ‍ॅप, उघडला की ‘प्ले’च्या जागी ‘इन्स्टॉल’ दिसते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि स्टीमने विंडोज ७ व ८ ची साथ १ जानेवारी २०२४ पासूनच सोडली. त्यामुळे विंडोज नव्याने टाकण्याची वेळ अनेक घरांत आली आणि तिच्यामागोमाग ही अडचणही.

बहुतेक वेळा गेम गेलेला नसतो. लाँचर अख्खी डिस्क धुंडाळून गेम शोधत नाही. इन्स्टॉल करताना त्याने स्वतःच एक छोटी फाइल लिहून ठेवलेली असते आणि कोणता गेम, कोणत्या फोल्डरात, कोणती आवृत्ती हे तो तिच्यातून वाचतो. ती फाइल पुसली गेली किंवा तिच्यातला पत्ता चुकला की जमीन जागेवर आणि सातबाऱ्यावरून नाव गायब, अशी स्थिती होते. नोंद परत बसवता येते. त्याला कधी पाच मिनिटे लागतात, कधी तासभर.

नव्याने डाउनलोड करणे मात्र महागात पडते. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते. ४० एमबीपीएसच्या लाइनवर तेवढे उतरायला आठ तासांहून जास्त वेळ जातो, आणि रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर शंभर दिवस. म्हणून खालची यादी. ती क्रमाने वाचा, पहिला भाग तर वगळूच नका.

कुठलेही बटण दाबण्याआधी

करा: फाइल एक्सप्लोररमध्ये गेमच्या फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकार पाहा. ७० जीबीच्या गेमचे फोल्डर ७० च्या आसपास भरत असेल तर फाइली शाबूत आहेत. दोन-तीनशे एमबीच निघाले, तर गेम खरोखर पुसला गेला आहे आणि मागे सेव्ह किंवा मॉड तेवढे उरले आहेत. ते उरलेले आधी दुसरीकडे कॉपी करा.

टाळा: जागा न पाहता ‘इन्स्टॉल’ दाबणे. लाँचर बहुधा सी ड्राइव्ह सुचवतो. आपण ‘ओके’ म्हणतो आणि डीवर जुनी प्रत पडून असताना सीवर दुसरी उतरू लागते. पुढे काही ठिकाणी ‘इन्स्टॉल’ दाबणे हाच उपाय सांगितला आहे, पण तो जुनीच जागा निवडून.

टाळा: ‘अनइन्स्टॉल करून परत टाकू’ हा सरसकट सल्ला. ऑफिसच्या सॉफ्टवेअरला तो चालतो, गेमच्या लाँचरला चालत नाही. विंडोजच्या यादीतून स्टीम अनइन्स्टॉल केले की स्टीमच्या मुख्य फोल्डरातले ‘स्टीमअ‍ॅप्स’, म्हणजे तिथे ठेवलेले सगळे गेम, सोबत जातात. स्टीम खरोखरच बिघडले असेल तर ‘स्टीमअ‍ॅप्स’ आणि ‘युजरडेटा’ ही दोन फोल्डरे आधी बाहेर हलवा, मग बाकीचे करा.

करा: खाते तपासा. एकाच कॉम्प्युटरवर भाऊ-बहिणींची दोन-तीन खाती असतात. ज्या खात्यावर गेम विकत घेतला आहे तेच उघडे आहे ना? यादीवर ‘इन्स्टॉल्ड’ किंवा ‘रेडी टू प्ले’ असा एखादा फिल्टर चुकून लागलेला नाही ना? गेम ‘हाइड’ केलेला नाही ना? तीन प्रश्न, एक मिनिट.

करा: लाँचर पूर्ण बंद करून परत उघडा. खिडकी बंद केल्याने तो बंद होत नाही. घड्याळाशेजारच्या छोट्या बाणात त्याचे चिन्ह असते, तिथे उजवे क्लिक करून ‘एक्झिट’ निवडा. नोंदी तो सुरू होताना वाचतो, त्यामुळे पुढे नोंदीच्या किंवा गेमच्या फाइली हलवायच्या असतील तेव्हा लाँचर पूर्ण बंद ठेवायचा.

सेव्ह आधी, गेम नंतर

गेम परत उतरवता येतो. तीन महिने खेळून गाठलेला टप्पा परत उतरवता येत नाही. घरातल्या मुलाला ‘गेमच तर आहे’ म्हणणाऱ्यांनाही हे सांगावेसे वाटते, कारण त्या फाइलीत त्याच्या कितीतरी सुट्टीच्या दुपारी असतात.

करा: सेव्ह कुठे आहेत ते शोधून त्यांची प्रत काढा. त्या बहुधा गेमच्या फोल्डरात नसतात, सी ड्राइव्हवर तुमच्या नावाच्या फोल्डरात असतात. काही ठरलेल्या जागा अशा: ‘विचर ३’च्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘द विचर ३’ या फोल्डरात. ‘स्कायरिम’च्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय गेम्स’मध्ये. ‘सायबरपंक २०७७’च्या ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये ‘सीडी प्रोजेक्ट रेड’खाली. ‘एल्डन रिंग’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’च्या ‘अ‍ॅपडेटा’तल्या ‘रोमिंग’मध्ये. ‘अनरिअल’ इंजिनवर बनलेले पुष्कळ गेम ‘अ‍ॅपडेटा’तल्या ‘लोकल’मध्ये, गेमच्या नावाखाली ‘सेव्ह्ड’ आणि त्यात ‘सेव्हगेम्स’ अशी वाट धरतात. ‘अ‍ॅपडेटा’ लपलेले असते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय सुरू केला की ते दिसते.

करा: विंडोज सी पुसून न टाकता, जुनीच्या डोक्यावर बसवली असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर शोधा. जुन्या विंडोजमधली ‘युजर्स’ आणि ‘प्रोग्रामडेटा’ ही फोल्डरे त्यात असतात. म्हणजे सेव्हही मिळतात आणि एपिकच्या नोंदीही. विंडोज हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसते. ‘डिस्क क्लीनअप’ चालवलेत तर त्याआधीच जाईल, म्हणून काम होईपर्यंत ते चालवू नका.

टाळा: क्लाउडवर डोळे मिटून विसंबणे. प्रत्येक गेम सेव्ह क्लाउडवर पाठवत नाही. जो पाठवतो तो कधी विचारतो, ‘या कॉम्प्युटरवरची सेव्ह ठेवू की क्लाउडवरची?’ नव्या विंडोजवर हा प्रश्न आला तर थांबा आणि दोन्हींच्या तारखा व वेळा वाचा. नवी, रिकामी सेव्ह वर चढवलीत तर जुनी पुसली जाते.

वन-ड्राइव्ह ‘डॉक्युमेंट्स’ची राखण करत असेल तर त्या फोल्डराचा खरा पत्ता बदललेला असतो. सेव्ह परत ठेवताना वन-ड्राइव्हच्या आतल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा.

स्टीम: नोंद गेमच्या शेजारीच असते

स्टीमची व्यवस्था मला सगळ्यांत समजूतदार वाटते. गेमच्या फाइली ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरात असतात आणि प्रत्येक गेमची नोंद बाहेर ‘स्टीमअ‍ॅप्स’मध्येच. तिच्या नावात ‘अ‍ॅपमॅनिफेस्ट’ आणि गेमचा क्रमांक असतो: ‘काउंटर-स्ट्राइक २’चा ७३०, ‘डोटा २’चा ५७०, ‘जीटीए ५’चा २७१५९०. ही नोंद गेमसोबत डीवर राहते, म्हणून सी पुसला तरी ती वाचते. नव्या स्टीमला लायब्ररी कुठे आहे तेवढे सांगायचे असते.

करा: ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज’ उघडा, वरच्या यादीतून ‘अ‍ॅड ड्राइव्ह’ निवडा आणि जुनी लायब्ररी असलेला ड्राइव्ह जोडा. नोंदी शाबूत असतील तर स्टीम परत उघडल्यावर गेमसमोर ‘प्ले’ येते. बहुतेकांचे काम इथेच संपते.

टाळा: लायब्ररी म्हणून ‘स्टीमअ‍ॅप्स’ हे फोल्डर निवडणे. निवडायचे ते त्याच्या एक पायरी वरचे, बहुधा ‘स्टीमलायब्ररी’ नावाचे. ‘स्टीमअ‍ॅप्स’ निवडले की स्टीम त्याच्या आत आणखी एक ‘स्टीमअ‍ॅप्स’ शोधतो, आणि तिथे काहीच नसते. फाइली कॉपी करताना ‘कॉमन’च्या आत दुसरे ‘कॉमन’ तयार होणे हाही त्याच जातीचा घोळ. पत्त्यात एकच नाव दोनदा येत नाही ना, एवढे नक्की पाहा.

करा: स्टीमच डी ड्राइव्हवर टाकलेले असेल तर त्या जुन्या फोल्डरातली स्टीमची मुख्य फाइल थेट चालवून पाहा. लॉगिन मागेल, लागणाऱ्या फाइली स्वतः दुरुस्त करील आणि गेम जागेवर दिसतील.

करा: नोंदीची फाइलच हरवली असेल, पण ‘कॉमन’मधले फोल्डर पूर्ण असेल, तर ‘इन्स्टॉल’ दाबा आणि जागा विचारली की नेमकी तीच लायब्ररी निवडा. स्टीम आधीच्या फाइली तपासतो, कमी असलेल्या तेवढ्या उतरवतो आणि नवी नोंद लिहितो. या वेळी ‘डाउनलोड्स’चे पान उघडे ठेवा. डिस्कचे काम जोरात चालू आणि नेटवर्क जवळपास शून्य, तर तपासणी सुरू आहे, चालू द्या. नेटवर्कवर जीबीमागून जीबी येऊ लागले तर लगेच ‘पॉझ’ करा. फोल्डराचे नाव किंवा जागा चुकली आहे.

टाळा: फोल्डराचे नाव ‘बरोबर’ करणे. स्टीमला त्याने ठरवलेलेच नाव लागते, ते कितीही जुने वाटो. ‘काउंटर-स्ट्राइक २’ येऊन काही वर्षे झाली, पण त्याचे फोल्डर अजून ‘काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ याच नावाचे आहे. ‘डोटा २’ २०१३ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला, त्याच्या फोल्डराच्या नावातला ‘बीटा’ आजही निघालेला नाही. नाव नीट लावायला गेलेल्या नीटनेटक्या माणसाचाच गेम इथे हरवतो.

करा: ‘डिस्क राइट एरर’ येत असेल तर ‘स्टोरेज’च्या पानावर त्या ड्राइव्हच्या तीन टिंबांच्या मेनूतला लायब्ररी दुरुस्तीचा पर्याय वापरा. जुन्या विंडोजमधल्या खात्याच्या मालकीच्या फाइलींवर नव्या खात्याला लिहिता येत नाही, तेव्हा हा अडथळा येतो.

करा: गेम ओळखला गेला, पण उघडताच बंद पडतो? गेमवर उजवे क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, आणि तिथली फाइली पडताळण्याची सोय. एक ध्यानात असू द्या: मॉडने बदललेल्या मूळ फाइली ही पडताळणी परत मूळ रूपात आणते. मॉडची प्रत आधी काढा.

टाळा: नोंदीची फाइल नोटपॅडमध्ये उघडून तिच्यातले आकडे बदलणे. व्हिडिओंमध्ये हा उपाय झटपट दिसतो. पण ‘गेम पूर्ण आहे’ असे खोटे लिहिले तर पुढच्या अपडेटला गोंधळ होतो. फाइल बिघडली असे वाटले तर ती डेस्कटॉपवर हलवा आणि वरच्या पद्धतीने स्टीमलाच नवी लिहू द्या.

एक उपयोगाची गोष्ट, विशेषतः हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला असेल तर मित्राच्या कॉम्प्युटरवरचे ‘कॉमन’मधले फोल्डर बाहेरच्या डिस्कवरून आणून वरीलप्रमाणे ‘इन्स्टॉल’ दाबता येते. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील तर डिस्कचीही गरज नाही. २०२३ पासून स्टीम त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडून फाइली घेऊ शकतो. दोन्हींकडे ‘डाउनलोड्स’च्या सेटिंग्जमध्ये ती परवानगी सुरू हवी.

एपिक: गेम डीवर, नोंद सीवर

सगळ्यांत जास्त माणसे अडकतात ती इथे. एपिकचा लाँचर आपल्या नोंदी सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रामडेटा’ या लपलेल्या फोल्डरात ठेवतो. त्यात ‘एपिक’, मग ‘एपिकगेम्सलाँचर’, ‘डेटा’ आणि ‘मॅनिफेस्ट्स’. गेम कुठल्याही ड्राइव्हवर असो, नोंद सीवरच. सीला फॉरमॅट मारला की डीवरचे सगळे गेम एका फटक्यात अनोळखी होतात. जुने फोल्डर दाखवून ‘हा घे गेम’ म्हणण्याचे सरळ बटणही लाँचरमध्ये सापडत नाही. इतक्या मोठ्या कंपनीने हे सोपे करायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

करा, या क्रमाने:

पहिले, गेमच्या जुन्या फोल्डराचे नाव बदला, पुढे ‘जुने’ असे काही जोडा.

दुसरे, लाँचरमध्ये ‘इन्स्टॉल’ दाबा आणि तीच मूळ जागा निवडा. मूळ नावाचे नवे फोल्डर तयार होईल.

तिसरे, एक-दोन टक्के उतरले की डाउनलोड थांबवा आणि लाँचर घड्याळाशेजारून पूर्ण बंद करा.

चौथे, जुन्या फोल्डरातले सगळे नव्या फोल्डरात आणा. ‘बदलू का’ विचारले तर हो म्हणा. डिस्कवर जागा असेल तर हलवू नका, कॉपी करा. काही बिनसले तर मूळ प्रत हाताशी राहते.

पाचवे, लाँचर उघडून डाउनलोड पुढे चालू करा. तो फाइली पडताळतो, उरलेले थोडे उतरवतो आणि ‘लाँच’ दाखवतो.

टाळा: नाव न बदलता थेट त्या फोल्डरावर इन्स्टॉल करून पाहणे. लाँचर ‘हे फोल्डर रिकामे नाही’ म्हणून नाकारतो, किंवा जुन्या फाइलींवरून नव्या लिहू लागतो.

टाळा: दुसरे पाऊल टाकताना ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असणे. १०० जीबीच्या गेमला १०० जीबी मोकळी जागा दिसली नाही तर लाँचर अनेकदा सुरुवातच करू देत नाही, भले जुनी प्रत तिथेच असो. अशा वेळी जुने फोल्डर तात्पुरते बाहेरच्या डिस्कवर न्या.

करा: ‘विंडोज डॉट ओल्ड’ हाती असेल तर त्यातल्या ‘प्रोग्रामडेटा’मधले जुने ‘मॅनिफेस्ट्स’ फोल्डर पाहा. लाँचर बंद ठेवून त्यातल्या फाइली नव्या जागी ठेवल्या, आणि गेमचा ड्राइव्ह व फोल्डर यांचा पत्ता तोच असेल, तर वरची पाच पावले टाळता येण्याची बरीच शक्यता असते. गेमच्या फोल्डरातले ‘ईजीस्टोअर’ नावाचे छोटे फोल्डर मात्र कचरा समजून पुसू नका. तेही याच व्यवस्थेचा भाग आहे.

बाकीचे लाँचर, थोडक्यात

गॉग गॅलक्सी: गेमच्या पानावर इन्स्टॉलेशन हाताळण्याच्या मेनूत आधीचे फोल्डर जोडण्याची सोय आहे, ती वापरा. गेमच्या फोल्डरात ‘गॉगगेम’ने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली असतात, त्यांवरून तो गेम ओळखतो. त्या पुसू नका. गॉगवरचे गेम बहुधा लाँचरशिवायही चालतात. घाई असेल तर गेमची मुख्य फाइल थेट चालवा आणि दुरुस्ती उद्या करा.

युबिसॉफ्ट कनेक्ट: डाउनलोडच्या बटणाजवळच आधी इन्स्टॉल केलेला गेम दाखवण्याचा पर्याय आहे. त्याला गेमचे मुख्य फोल्डर दाखवा, आतले नको.

बॅटल डॉट नेट: ‘इन्स्टॉल’च्या खाली बारीक अक्षरांत गेम शोधून देण्याची लिंक असते. अनेकांची नजर तिच्यावर पडतच नाही.

ईए अ‍ॅप: ओरिजिनच्या जागी २०२२ मध्ये हे आले. आधी सेटिंग्जमध्ये डाउनलोडची जागा जुन्या फोल्डराच्या वरच्या फोल्डरावर आणा, मगच डाउनलोड दाबा. ते असलेल्या फाइली तपासून पुढे जाते.

आणि एक नियम या सगळ्यांना मिळून: दुरुस्ती जिथून गेम विकत घेतला तिथून सुरू करा. स्टीमवर घेतलेला युबिसॉफ्ट किंवा रॉकस्टारचा गेम दोन लाँचर उघडतो, पण फाइलींची जबाबदारी स्टीमकडे असते. दुसऱ्या लाँचरमधून इन्स्टॉल करायला गेलात तर तो तुमच्याकडे गेमच नाही म्हणेल किंवा वेगळी प्रत मागेल. तसेच, ‘विचर ३’ स्टीम, एपिक आणि गॉग तिन्हींकडे मिळतो म्हणून एकाची प्रत दुसऱ्याला जोडण्याच्या फंदात पडू नका.

प्लेनाइटसारखा सगळ्या दुकानांची यादी एकत्र दाखवणारा लाँचर वापरत असाल तर आधी मूळ दुकानाचा लाँचर उघडून पाहा. तिथे गेम दिसत असेल तर यादी ताजी करणे एवढेच काम उरते.

एक्सबॉक्स अ‍ॅप आणि गेम पास: इथे हात आखडता घ्या

टाळा: ‘विंडोजअ‍ॅप्स’ या फोल्डराची मालकी स्वतःकडे घेणे. हे फोल्डर विंडोज मुद्दाम बंद ठेवते. परवानग्या बदलून आत शिरलात तर गेम तर सोडाच, कॅल्क्युलेटर आणि फोटोसारखी विंडोजची अ‍ॅपही उघडेनाशी होऊ शकतात.

करा: एक्सबॉक्स अ‍ॅपच्या मदत विभागातले ‘गेमिंग सर्व्हिसेस’ दुरुस्तीचे साधन चालवा. ते मायक्रोसॉफ्टचेच आहे. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये एक्सबॉक्स अ‍ॅपचे ‘रिपेअर’ करा आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करा.

विंडोज नव्याने टाकली असेल तर ‘एक्सबॉक्सगेम्स’मधले जुने फोल्डर ओळखले जाईलच असे धरून चालू नका. या गेमचा परवाना आणि नोंद विंडोजमध्ये खोलवर गुंतलेली असते. दुरुस्तीने भागले नाही तर सेव्ह सांभाळून गेम परत उतरवणे बरे.

ड्राइव्हचे अक्षर, बाहेरची डिस्क आणि कुलूप

काहीही पुसलेले नसताना, विंडोजही नवी नसताना गेम अचानक दिसेनासे झाले, तर पहिला संशय ड्राइव्हच्या अक्षरावर घ्या. काल एफ असलेली बाहेरची डिस्क आज जी झाली की नोंदीतला पत्ता चुकतो.

करा: ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा आणि त्या डिस्कला जुने अक्षर परत द्या. नेहमीसाठी तिला एस किंवा एक्ससारखे, सहसा दुसऱ्या कोणाला न मिळणारे अक्षर दिलेत तर हा त्रास जवळपास संपतो. सी ड्राइव्हच्या अक्षराला हात लावू नका.

करा: बाहेरची डिस्क आधी जोडा, मग लाँचर उघडा. काढताना आधी लाँचर बंद करा, मग ‘सेफली रिमूव्ह’. डिस्क न जोडताच स्टीम उघडले तर तिच्यावरचे गेम ‘इन्स्टॉल’ दाखवतात. घाबरू नका, काही दाबू नका, डिस्क जोडून स्टीम परत सुरू करा.

टाळा: ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ या सूचनेला हो म्हणणे. या पूर्ण यादीत सगळ्यांत मोठे नुकसान करणारे बटण हेच. सूचना रद्द करा, केबल व पोर्ट बदला, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा.

करा: डी ड्राइव्हवर कुलपाचे चिन्ह दिसत असेल तर ते बिटलॉकर आहे. नव्या विंडोजला जुने कुलूप उघडता येत नाही. त्याची ४८ अंकी किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती मिळाली की ड्राइव्ह उघडतो आणि पुढचे उपाय लागू होतात.

करा: ‘मुख्य फाइल सापडत नाही’ अशी सूचना आली तर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ पाहा. अँटिव्हायरसने गेमची चालवायची फाइल बाजूला टाकलेली असू शकते. गेम अधिकृत दुकानातून घेतलेला असेल तरच ती परत आणा आणि मग फाइली पडताळून घ्या.

टाळा: ‘क्रॅक’ केलेल्या प्रतीसाठी अँटिव्हायरस बंद करणे. तिची नोंद कोणत्याच लाँचरकडे नसते, त्यामुळे तो ती ओळखणारही नाही, आणि ज्या कॉम्प्युटरवर ती चालवाल त्यावरच घरातले बँकेचे व्यवहार होत असतात.

विंडोज नव्याने टाकण्याआधी

हे काम स्वतः करणार असाल तर अर्धा तास काढा. दुकानात देणार असाल तर देण्याआदल्या रात्री काढा.

एपिकचे ‘मॅनिफेस्ट्स’ फोल्डर डीवर कॉपी करा. स्टीमचे गेम सीवर असतील तर ‘स्टोरेज’च्या पानावरून ते दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, हाताने कापून चिकटवू नका. ‘डॉक्युमेंट्स’, ‘सेव्ह्ड गेम्स’ आणि ‘अ‍ॅपडेटा’मधल्या सेव्ह बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर मावत नाही. सेव्हला त्याने फरक पडत नाही, गेम कॉपी करताना पडतो. बिटलॉकर सुरू आहे का पाहून त्याची किल्ली वहीत लिहून ठेवा. कोणत्या ड्राइव्हला कोणते अक्षर आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

आणि दुकानदाराला नुसते ‘डेटा ठेवा’ म्हणू नका. त्याच्या लेखी डेटा म्हणजे फोटो आणि वर्डच्या फाइली. ‘डी ड्राइव्हला हात लावू नका, सीवरचे युजर्स आणि प्रोग्रामडेटा कॉपी करून द्या’ असे कागदावर लिहून कॉम्प्युटरसोबत द्या. चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

काहीच जमले नाही तर

एका गेमवर दोन उपाय नीट करून पाहिले आणि दोन्ही फसले, तर तिसऱ्या व्हिडिओच्या मागे लागू नका. सेव्ह आणि मॉडची प्रत आहे ना, एवढे परत एकदा तपासा, जुने फोल्डर पुसा आणि डाउनलोड रात्री लावून झोपा. विकत घेतलेला गेम तुमच्या खात्यावर असतो, तो पुन्हा उतरवायला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ असो की परदेशी स्टुडिओचा १५० जीबीचा गेम, दुकानाकडे त्याची प्रत आहे. तुमच्या सेव्हची प्रत मात्र बहुधा फक्त तुमच्याकडे आहे. आज संध्याकाळी, सगळे ठीक चालू असतानाच, ती एका पेन ड्राइव्हवर घ्या.